माजघरात आईचा पलंग कसा मावला

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर अरुंद आणि लांबलचक. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, सगळं एकामागे एक. आईला जिना चढवेना, तेव्हा तिचा पलंग खाली माजघरात आणायचं ठरलं. पण तिथे जागाच नव्हती.

ठेकेदार म्हणाला, "ओटी-माजघरामधली भिंत काढून टाका, मस्त मोठा हॉल होईल." मला धीर होईना. छताची एक फळी काढून आत बॅटरी मारली, तर वरच्या मजल्याच्या सागवानी तुळयांची टोकं त्याच भिंतीवर टेकलेली! ती पाडली असती तर वरची खोलीच खाली आली असती. जुन्या घरात तुळया कुठे टेकल्यात ते स्वतः बघितल्याशिवाय कुणाला हातोडा उचलू देऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय.

जागा शेवटी दारांनी दिली. 3 फुटी दार उघडताना सुमारे 7 चौरस फूट जमीन अडवतं, आणि माजघरात आत उघडणारी अशी 3 दारं होती. दोन सरकती केली, वरच्या अर्ध्या भागात काच बसवली, म्हणजे ओटीवरचा उजेडही आत येतो. तिसरं स्वयंपाकघराच्या बाजूला उघडेल असं फिरवलं. जिन्याखालच्या अडगळीत सुताराने चाकांचे खण करून दिले. उंच बाजूला गाद्या, ठेंगण्या बाजूला डबे.

पलंग लागला त्या संध्याकाळी आई केरसुणी घेऊन उभी. म्हणाली, "अरे, भिंतीकडच्या बाजूनेसुद्धा झाडता येतंय की!"