काचा धुवायच्या धंद्याला व्हॅन घ्यायची का मागं ट्रॉली लावायची

बादली, वायपर घेऊन टू व्हीलरवर फिरणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याला पाण्याचा ब्रश बसवलेला लांब पोल लावून शुद्ध पाण्यानं दुसऱ्या तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या काचा खालनं धुवायच्यात, जोडीला सोलर पॅनल पण करायचेत, म्हणजे पाणी सोबत घेऊन फिरायचंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. आणि माझं मत आधीच सांगतो, सातारकरानं व्हॅन नायतर छोटा हत्तीच घ्यावा, सांगली मिरजेच्या माणसाला ट्रॉलीचा विचार करायला जागा आहे, पण ओढायला दमदार गाडी आधीच दारात असेल तरच.

गाडी बघायच्या आधी पाणी मोजा. ब्रशमधनं मिनिटाला साधारण दीड ते दोन लिटर जातं, दिवसभरात पाणी खरोखर चालू असतं ते चार तास धरलं तर ३६० ते ४८० लिटर. लिटर म्हणजे किलो, त्यामुळं ५०० ची टाकी भरली की अर्धा टन झाला, वर टाकीचं स्टँड, पंप, बॅटरी, पाइपचं रील, पोल, शिडी आणि दोन माणसं. गिऱ्हाइकाकडचं पाणी घेऊ म्हणाल तर बोअरचं पाणी जड असतं, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्याचा मीटर लावला की कळतं, काच वाळली की पांढरे ठिपके उठतात आणि मग परत फोन येतो. पोलच्या कामाला टीडीएस १० च्या आत पाहिजे, शून्याजवळ असेल तर उत्तम, म्हणून आरओ आणि रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) घरी बसवून रात्री टाकी भरून ठेवायची हाच मार्ग.

आता आरसी बुक काढा, त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की गाडी किती पेलते ते कळतं. छोटा हत्ती गोल्ड साधारण ७५० किलोचा, त्यात ४०० लिटर आरामात बसतं. ईकोसारख्या व्हॅनमधे त्याहून कमी, तिथं ३०० च्या वर जायचं नाही, दुपारी एकदा घरी येऊन भरायची. शोरूमवाला काहीही म्हणू दे, कागदावरचा आकडा धरा.

व्हॅनचा मोठा फायदा म्हणजे सगळं आत कुलपात राहतं, पोल आणि रेझिनची बाटली महाग असते राव. शिवाय साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बोळात नायतर सांगलीत गणपती पेठेत गाडी घुसवून परत काढायची असते. ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरवाला ट्रॉली रिव्हर्स घेताना बघितलाय ना, स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि छोटी ट्रॉली तर अजून नाटकं करते, जरा चुकली की कैचीसारखी मिटते. रोज पाच सहा ठिकाणी हे करायचं म्हणजे निम्मा दिवस मागं कोणीतरी "येऊ दे येऊ दे" करत उभं पाहिजे.

घाटाचं तर वेगळंच. वाईवरनं पसरणी घाट चढून पाचगणीला काम केलं, परत येताना टाकी निम्मी. भरलेल्या टाकीपेक्षा निम्मी टाकी वाईट, कारण पाण्याला हलायला जागा मिळते, वळणाला सगळं एका बाजूला जातं, ब्रेक मारला की पुढं धडकतं आणि गाडी थांबल्यावर पण परत एक हिसका देतं. छोट्या ट्रॉलीला बऱ्याचदा स्वतःचा ब्रेकच नसतो, मग ते सगळं वजन उताराला तुमच्या गाडीला मागनं ढकलत राहतं. टाकी घ्याल तर आत आडवे पडदे असलेली बॅफलवाली घ्या, साधी घरावरची टाकी दोरीनं बांधून फिरू नका.

व्हॅनमधे पण टाकी नीट बांधली नाही तर तीच टाकी ड्रायव्हरच्या पाठीत येते. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून उपयोग नाही, पत्रा फाटतो, फ्रेम चासीला बोल्ट करून घ्या, आणि बोल्टखाली बारका वायसर नको, जाड लोखंडी पट्टी टाका. टाकी शक्यतो मागच्या एक्सलच्या पुढं.

ट्रॉली कुणाला जमेल? कुपवाड एमआयडीसी, मिरजेचे मोठे दवाखाने, सपाट रस्ता, आत वळायला आवार, आणि बोलेरो पिकअप आधीच दुसऱ्या कामाला आहे. पावसाळ्यात काचांचं काम बसतं तेव्हा ट्रॉली सोडून ठेवायची, पिकअप भाड्याला मोकळी, हा फायदा खरा आहे. पिकअप असताना दुसरं इंजिन, दुसरी सर्व्हिसिंग कशाला? पण वजन लावताना ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं हुकावर आलं पाहिजे. टाकी मागं सरकली की हुकावरचं वजन हलकं होतं आणि हायवेला ट्रॉली शेपटी हलवायला लागते.

कागदाचं म्हणाल तर ट्रॉली पण कायद्यानं गाडीच आहे, तिचं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळा नंबर, इन्शुरन्स. गावातल्या फॅब्रिकेटरकडनं स्वस्तात वेल्डिंग करून घेण्याआधी त्याच्याकडे मान्यतेचे कागद आहेत का विचारा, नायतर आरटीओत पासिंगला अडेल. तुमच्या गाडीला ट्रॉली ओढायची परवानगी आहे का तेही मॅन्युअलमधे बघा. छोटा हत्ती मालवाहूच असल्यानं पिवळी पाटी, फिटनेस सगळं येतं, पण भरल्यावर ३००० किलोच्या आत असल्यानं परमिट लागत नाही आणि लायसन्स साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ ला ७५०० किलोपर्यंतचं क्लिअर केलंय.

जुनी गाडी बघायला जाताना सोबत चार मित्र आणि पाण्याचे कॅन घेऊन जा, तेवढं वजन टाकून मग चालवून बघा, पाटे किती बसतात आणि ब्रेक कुठं लागतो ते रिकाम्या गाडीत कधीच कळत नाही.