अफगाणिस्तानातल्या मुलींना शिकवायला निघालात? या चुका टाळा

पैसा हाती आला की आधी इमारत उभी करायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठ्या गावात पक्की शाळा बांधली जाते, आसपासच्या वस्त्यांवरच्या मुली चालत येतील असं धरून चालतात आणि मुली येत नाहीत. मग खापर आईबापांवर फुटतं: यांना मुली शिकवायच्याच नाहीत. घोर प्रांतात 2007 साली सुरू झालेल्या एका अभ्यासाने हा समज खोडून काढला. काही गावांना गावातच वर्ग मिळाला, एखाद्या घरात नाहीतर मशिदीत. बाकीच्यांना मिळाला नाही. जिथे मिळाला, तिथे शाळेत जाणाऱ्या मुलग्यांच्या आणि मुलींच्या टक्केवारीतलं 21 अंकांचं अंतर मिटलं. आईबाप तेच होते, वाट तेवढी जवळ आली होती.

म्हणून मुलींची हजेरी रोडावली की आधी अंतर पाहा. मग शिकवतं कोण, ते पाहा. मुलगी मोठी झाली की पुरुष शिक्षकाच्या वर्गात तिला पाठवायला अनेक घरं कचरतात, आणि काबूलची पदवीधर बाई डोंगरातल्या गावात एकटी राहू शकत नाही. गावातलीच चार इयत्ता जास्त शिकलेली सून किंवा लेक शोधा, तिला प्रशिक्षण द्या आणि पगार दर महिन्याला वेळेवर द्या. बाकं नसली तरी वर्ग चालतो, पगार थकला की बंद पडतो.

पटावरची नावं मोजून समाधान मानू नका. रोज किती जणी येतात ते मोजा.

प्रौढ बायकांसमोर लहान मुलांचं पुस्तक ठेवणं, पश्तो किंवा उझबेक बोलणाऱ्या गावात थेट दारी भाषेतून धडे सुरू करणं, यानेही वर्ग ओस पडतात. औषधावरची सूचना, फोन नंबर, बाजाराचा हिशेब इथून सुरुवात करा. वर्ग संपल्यावर हातात वाचायला काही उरलं नाही, तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही.

आता तर तालिबानच्या राजवटीत मुलींना सहावीनंतर दार बंद आहे. 23 मार्च 2022 ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि काही तासांत बंद झाल्या. त्याच डिसेंबरात विद्यापीठं गेली, डिसेंबर 2024 मध्ये सुईणींचं आणि परिचारिकांचं प्रशिक्षणही. अशा वेळी घरातल्या वर्गाचा फोटो देणगीदारांना दाखवण्यासाठी टाकणं अक्षम्य आहे. 1996 ते 2001 च्या पहिल्या तालिबान राजवटीत हेरात शहरात शिवणवर्गाच्या नावाखाली बायका साहित्य शिकल्या, कारण बाहेर कुणी ब्र काढला नाही.

सगळी भिस्त ऑनलाइन वर्गांवरही ठेवू नका. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस देशभरातलं इंटरनेटच बंद केलं गेलं होतं. रेडिओ बेगमसारख्या केंद्रांनी धडे रेडिओवरून घरात पोचवले; त्या केंद्रावरही 2025 मध्ये काही काळ बंदी आली. म्हणून रेडिओ, फोनमध्ये साठवलेले धडे आणि छापील पुस्तकं असे तिन्ही मार्ग हाताशी असू द्या.

कोणती मुलगी कुठवर शिकली, याची नोंद देशाबाहेर ठेवा. नोंदीत नाव-गाव नको, फक्त क्रमांक. शाळा उघडतील तेव्हा तिला पुन्हा सातवीपासून सुरुवात करावी लागू नये.