एडगर उल्मरचे स्वस्तातले पिक्चर बघायचे कसे

उल्मर म्हणजे हॉलीवूडचा जुना दिग्दर्शक, कमी पैशात पिक्चर काढणारा. सुरुवात त्याच्या १९४५ च्या ‘डिटूर’पासून करा, सत्तर मिनिटांच्या आत संपतो. फक्त प्रिंट बघून घ्या, कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे नेटवर फुकट भरपूर पडलाय पण त्यातल्या बऱ्याच प्रिंटमध्ये हिरोचं तोंडसुद्धा धड दिसत नाही (मी पहिल्यांदा तसलाच बघितला आणि अर्ध्यात झोपलो), २०१८ ला रिस्टोअर झालेली शोधा.

आता बघायचं काय, तर पैसे कुठे नव्हते ते. न्यूयॉर्कमध्ये हिरो आणि त्याची गर्लफ्रेंड रात्री क्लबमधून चालत घरी निघतात, तिथे पॉज करा. नुसतं धुकं! त्यात एखादा खांब, रस्त्याची पाटी, झालं न्यूयॉर्क. सेट बांधायला पैसे कुठून आणणार, पण तेवढ्यात ती सांगते की मी चालले हॉलीवूडला, आणि त्या धुक्यात त्या दोघांना पुढचं काहीच दिसत नसतं, म्हणजे जुगाड गोष्टीच्याच कामी आला.

मग लिफ्ट मागायचा भाग, इथे आपण हमखास फसतो. गाड्या डावीकडून चालल्यात, ड्रायव्हर उजवीकडे, आपल्याला वाटतं बरोबरच आहे की. अहो पण अमेरिका आहे ती! निगेटिव्ह उलटी छापलीय. प्रवास न्यूयॉर्कहून पश्चिमेला, म्हणजे नकाशावर उजवीकडून डावीकडे, म्हणून बहुतेक, आणि परत शूट करणं काय परवडणार.

एवढं झालं की मागे जा, १९३४ चा ‘द ब्लॅक कॅट’. युनिव्हर्सल या मोठ्या स्टुडिओचा, त्यात कार्लोफ आणि लुगोसी हे भयपटांचे दोन्ही स्टार, पिक्चर चालला पण. आणि याच सुमारास गडी स्टुडिओच्या मालकाच्या, कार्ल लेमलेच्या, भाच्याच्या बायकोच्या, शर्लीच्या, प्रेमात पडला. संपलं, मोठ्या स्टुडिओंची दारं बंद. मग यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) पिक्चर केले, युक्रेनियन केले, नंतर पीआरसीसारख्या फाटक्या कंपनीत. शर्ली मात्र त्याच्याशी लग्न करून पुढे वर्षानुवर्षं त्याच्याच सेटवर स्क्रिप्ट सांभाळत राहिली.

त्याच्या मुलाखती वाचल्यात तर निम्मं सोडून द्या. ‘डिटूर’ सहा दिवसांत उरकला म्हणायचा, कागदपत्रांत दिवस जास्त निघाले.

शेवटी १९५१ चा ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ लावा. सेट ‘जोन ऑफ आर्क’ या भारी बजेटच्या पिक्चरचे उरलेले, आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून काय सोडलंय सांगा बघू... परत धुकं.