निफ्टी ऑप्शनचा भाव मार्केट मेकर कसा काढतो, कागद-पेन घेऊन करून बघा

आमच्या हर्णै बंदरावर लिलावात सुरमई उचलणारा व्यापारी उद्या भाव चढणार की पडणार यावर पैज लावत बसत नाही, इथला भाव बघतो, मुंबईचा बघतो, बर्फ आणि गाडीभाडं काढून मधे आपले चार पैसे ठेवतो. ऑप्शनवाला मार्केट मेकर, म्हणजे घ्यायचा आणि विकायचा दोन्ही भाव सतत लावून बसणारा, तोपण तसाच. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला (स्ट्राइक) निफ्टी घ्यायचा (कॉल) किंवा विकायचा (पुट) हक्क. निफ्टी वर की खाली ते त्याला विचारूच नका, किती हलेल एवढंच तो विकतो.

पहिलं म्हणजे स्पॉट, म्हणजे निफ्टीचा आत्ताचा आकडा, विसरा. तो हेज (उलटा सौदा घेऊन धोका कमी करणं) फ्युचरमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, करतो, म्हणून हिशोबपण तिथूनच. वीकलीला, म्हणजे दर आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शनला, स्वतःचा फ्युचर नसतो, मग एकाच स्ट्राइकचा कॉल वजा पुट आणि त्यात स्ट्राइक मिळवा, झाला फ्युचर. समजा २५०३० आला.

आता खरी गोम, आयव्ही, म्हणजे निफ्टी वर्षाला किती टक्के हलेल याचा भावात धरलेला अंदाज. ऑप्शनचा भाव काढायच्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स फॉर्म्युल्यात स्ट्राइक, दिवस, व्याज सगळं समोर दिसतं, हे एकच अंदाजाने घालायचं. म्हणजे दर्याला उधाण किती ते, वारा कुठल्या दिशेचा ते नाही. १२ टक्के आयव्ही, ७ दिवस बाकी, तर ७ भागिले ३६५ चं वर्गमूळ साधारण ०.१३८, त्याला ०.१२ ने गुणा, मग २५०३० ने, मग ०.४ ने (हा त्याच फॉर्म्युल्यातून निघणारा ठरलेला आकडा), साधारण १६६ येतात. २५००० चा स्ट्राइक फ्युचरपेक्षा ३० ने खाली आहे ना, म्हणून निम्मे १५ कॉलला जास्त, पुटला कमी. कॉल १८१, पुट १५१. फरक बरोब्बर ३०, जुळलं! (हे जवळच्या स्ट्राइकलाच चालतं हा, लांबच्याला नाही.)

मग या १८१ च्या दोन्ही बाजूला तो आपला भाव लावतो. लोक कॉलच उचलत सुटले की त्याच्याकडे विकलेला माल साचतो, मग तो भाव वर सरकवतो आणि दोन लॉट (ठरलेल्या संख्येचे गठ्ठे) कॉलमागे साधारण एक लॉट फ्युचर घेऊन ठेवतो, निफ्टी हलला की परत कमीजास्त. खालच्या स्ट्राइकच्या पुटची आयव्ही मुद्दाम चढी ठेवतो, अमेरिकेत ऑक्टोबर १९८७ ला बाजार कोसळला तेव्हापासून पडण्याचा विमा कोणी स्वस्तात देत नाही. मोठी बातमी यायची असेल तर आयव्ही आधीच चढलेली असते, आणि आम्ही शहाणे नेमके तेव्हाच घ्यायला जातो. मी एकदा बजेटच्या आदल्या दिवशी दुपारी कॉल घेतला, दुसऱ्या दिवशी निफ्टी थोडा वर आणि माझा कॉल खाली, कारण बातमी आली आणि आयव्ही धपकन बसली, घरी सांगायची पण चोरी.

तेव्हापासून घेण्याआधी कॉल आणि पुट दोन्हीची बेरीज बघतो, वरच्या हिशोबात ३३२ होते. ७ दिवसांत निफ्टी त्याहून जास्त हलेल असं वाटलं तरच हात घालतो, नाहीतर गप मासे आणायला जातो.