पेन्सिल हातात द्यायच्या आधी मुलांचे हात तयार कसे करायचे

ज्युनियर केजी सुरू झालं की वह्या येतात आणि मग घरोघरी तीच तक्रार, लिहायला बसतच नाही, दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो. अहो, खरंच दुखतो त्याचा हात! चौथ्या वर्षी मनगटातली सगळी हाडं अजून तयार पण झालेली नसतात. आणि ताकद येते ती आधी खांद्यात, मग मनगटात, बोटांचा नंबर शेवटचा. म्हणून सुरुवात खेळापासून करा, वहीपासून नको.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की 3-4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. फ्लॅटमध्ये पण जमतं हे. तिसऱ्या वर्षी तळ्यात-मळ्यात घ्या, दोन्ही पाय जोडून उडी मारायची एवढंच. लंगडी साधारण चौथ्या वर्षी जमायला लागते, त्याआधी मागे लागू नका. खांद्यांसाठी बेस्ट म्हणजे ढकलगाडी, मूल हातांवर चालतं आणि आपण मागून पाय धरतो, फक्त घोट्याला धरू नका, पोट खाली लोंबतं आणि कमरेवर ताण येतो, मांड्यांना धरा. चार-पाच पावलं टाकली तरी खूप झालं.

बोटांसाठी महागडी खेळणी अजिबात लागत नाहीत, स्वयंपाकघर आहे ना. कोथिंबीर निवडायला द्या, कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला बसवा. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबून फोडायची आणि मग तोच अंगठा आतून फिरवून दाणे काढायचे, यात अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचं जे काम होतं तेच पुढे पेन्सिल धरताना लागतं. वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावायला सांगा. वेळ लागेल, पसारा होईल, होऊ दे. फक्त तीन वर्षांखालचं मूल असेल तर मटार, शेंगदाणे, मणी असलं काही हाताशी ठेवून उठून जाऊ नका, घशात अडकतं.

मग खडू. अख्खा खडू दिला की मूल मुठीत धरतं, म्हणून तोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, मुठीत धरताच येत नाही मग आपोआप चिमटीत येतो. पाटी जमिनीवर न ठेवता भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, उभं राहून काढताना मनगट बरोबर मागे वळतं आणि खांदाही चालतो. आधी उभी रेघ, आडवी रेघ, गोल, आणि मग अधिकचं चिन्ह. बघून अधिक नीट काढता येत नाही तोपर्यंत क, ख ची घाई करू नका, त्यात तर गाठी आणि वळणं केवढी!

डावा हात पुढे येत असेल तर प्लीज बदलायला लावू नका. पण वर्षाच्या आतच एकच हात वापरतंय, किंवा चार वर्षांचं होऊनही दोन्ही पायांनी उडी मारता येत नाही, किंवा आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली, तर मात्र होईल हळूहळू म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऑक्युपेशनल थेरपीची (हातांची, रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ते उपचार) गरज आहे का हे तिथेच विचारा.