अडतिसाव्या लेव्हलची तलवार सोनेरी करू नका, आणि टाळण्याजोग्या इतर काही चुका

नाशिकच्या आमच्या ऑनलाइन गेम खेळणाऱ्या गटात दर दिवाळीच्या सुट्टीत एखादा नवा भिडू दाखल होतो आणि पहिल्या आठवड्यात तो ज्या चुका करतो त्या मला आता तोंडपाठ झाल्या आहेत. बहुतेकांचे मूळ एकच असते: गिअरची, म्हणजे पात्राच्या शस्त्रांची आणि चिलखतांची, कमाल मर्यादा कोठे आहे, ती स्थिर आहे की वरचेवर सरकते, आणि खुल्या जगात फिरताना त्या गिअरचा कितपत उपयोग होतो, हे न विचारताच खर्चाला सुरुवात झालेली असते.

सर्वांत महाग चूक म्हणजे वाटेत मिळालेल्या गिअरवर मुक्कामाच्या गिअरइतका खर्च करणे. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मामेभावाला ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये अडतिसाव्या लेव्हलला एक तलवार मिळाली आणि ती सोनेरी, म्हणजे वरच्या दर्जाची, करून घेण्याच्या हट्टाला तो पेटला. “दादा, एवढी एक सोनेरी करून दे, पुन्हा काही मागणार नाही,” असे त्याने इतक्या वेळा म्हटले की, लोहारकाम पूर्ण शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाने शहाणपण गुंडाळून ठेवले आणि कित्येक आठवडे साठवलेले आठ टेम्परिंग अलॉय (हा दर्जा चढवणारा माल) त्या तलवारीत ओतले. काही दिवसांनी त्याचा फोन आला: “लेव्हल वाढतेय, पण मी उलट कमजोर होत चाललोय.” तो खोटे बोलत नव्हता. ऑक्टोबर 2016 च्या ‘वन तामरिएल’ बदलानंतर त्या खेळात जवळपास सगळे खुले जग एकाच पातळीवर आणले गेले. पन्नासाव्या लेव्हलपर्यंत खेळच तुम्हाला वर उचलून धरतो, पण तुमची लेव्हल चढत जाते तसा तो आधार कमी होतो. तलवार मात्र अडतिसाव्या लेव्हललाच राहते, त्यामुळे तिच्या सोनेरी रंगाचा दिमाख टिकला तरी धार बोथट होत जाते. तेथील गिअरची खरी मर्यादा चॅम्पियन पॉइंट (पन्नासाव्या लेव्हलनंतर मिळणारे गुण) 160 आहे आणि ती 2016 पासून हललेली नाही. म्हणजे त्या मर्यादेवर केलेला खर्च वर्षानुवर्षे पुरतो आणि तिच्या खाली केलेला खर्च महिनाभरही टिकत नाही. माझी स्वतःची सवय अशी आहे की 160 येईपर्यंत जे मिळेल ते घालायचे, दर पाच-सहा लेव्हलनंतर ते मोडून त्यातील कच्चा माल काढायचा, आणि मर्यादा गाठल्यावरही आधी फक्त शस्त्र सोनेरी करायचे, कारण त्या दर्जाचा सर्वाधिक फायदा शस्त्रालाच मिळतो. यूट्यूबवर पाहिलेल्या बिल्डची (गिअर आणि कौशल्यांच्या जुळणीची) हुबेहूब नक्कल विसाव्या लेव्हलला करणाऱ्यांना मी हल्ली समजावत बसत नाही.

मर्यादा सरकणाऱ्या खेळांत हिशेब वेगळा असतो. जानेवारी 2007 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची कमाल लेव्हल 60 वरून 70 झाली, तेव्हा महिनोन्‌महिने रेड (मोठ्या गटाने लढायच्या कठीण मोहिमा) करून मिळवलेले वरच्या दर्जाचे जांभळे गिअर अनेकांना नव्या प्रदेशातील साध्या क्वेस्टच्या (छोट्या कामगिऱ्यांच्या) खालच्या दर्जाच्या हिरव्या बक्षिसांपुढे उतरवून ठेवावे लागले. मर्यादा वाढवणारा नवा विस्तार जाहीर झाल्यावर जुन्या गिअरसाठी रात्र जागवू नये. मित्रांबरोबर रेड करण्याची मजा हवी असेल तर गोष्ट निराळी.

‘फायनल फँटसी 14’मध्ये वरच्या टोमस्टोनची (गिअर घेण्यासाठीच्या खेळातील चलनाची) आठवड्याची मर्यादा 450 असते आणि उरलेला वाटा पुढच्या आठवड्यात जमा होत नाही. हा आठवडा आपल्याकडे मंगळवारी दुपारी दीड वाजता संपतो, त्यामुळे सोमवारी रात्री धावपळ करण्यापेक्षा रविवारीच तो पूर्ण करावा.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच खुपते: उत्तम गिअर आले की खुले जग संपले, असे मानणे. ‘गिल्ड वॉर्स 2’मध्ये 2012 पासून कमाल लेव्हल 80 च आहे, आणि खालच्या लेव्हलच्या नकाशात गेल्यावर खेळ तुमची ताकद तेथपर्यंत खाली आणतो. अर्थात तुम्ही तेथेही नवख्यापेक्षा सरस असता, परंतु अजिंक्य नसता. ॲसेंडेड, म्हणजे वरच्या दर्जाचे, गिअर घालून उभ्या उभ्या जिंकू पाहणारे लोक टेक्वाटल नावाच्या ड्रॅगनच्या लढाईत हमखास आडवे पडतात. त्या ड्रॅगनशी लढायला पंधरा मिनिटे मिळतात. त्याच्या अंगावर कठीण खवल्यांचा थर चढत राहतो आणि तो उतरवण्याचे काम तोफांवरील खेळाडूंचे असते. एकदा रात्री साडेनऊच्या फेरीत आमच्यातील एक महाशय तोफेवर चढले आणि नुसता पहिल्या क्रमांकाचा मारा करत बसले, खवले तसेच राहिले आणि वेळ संपली. तोफेचा दुसरा स्किल खवले उतरवतो, हे चढण्याआधी वाचायला अर्धे मिनिट लागते. अशा लढाईला मी किमान पंधरा मिनिटे आधी पोहोचतो, कारण उशिरा येणाऱ्याला अनेकदा नकाशाच्या भलत्याच प्रतीत टाकले जाते आणि तेथे पुरेशी माणसे नसतात.

पैसे देऊन दुसऱ्याकडून लेव्हल वाढवून घेणाऱ्यांविषयी मी लिहिणार नाही. खाते बंद झाल्यावर त्यांना आपोआप कळते.

शेवटची चूक छोटी असली तरी तिच्यावर इलाज नाही. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिका असे वेगळे सर्व्हर आहेत आणि एकावरील पात्र किंवा गिअर दुसऱ्यावर नेता येत नाही. नाशिकहून युरोपचा पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ) सहसा कमी लागतो, पण मित्र दुसऱ्या सर्व्हरवर असतील तर त्याचा उपयोग नाही, म्हणून पात्र तयार करण्याआधीच मित्र कोठे खेळतात ते विचारून घ्यावे. माझ्या मामेभावाने हेही विचारले नव्हते. ती तलवार त्याला युरोपच्या सर्व्हरवर मिळाली होती आणि आता त्याचे कॉलेजमधील सगळे मित्र उत्तर अमेरिकेच्या सर्व्हरवर आहेत.