पंगत बोलण्याआधी घरातली वही उघडा

आमच्या नगरकडच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. महिनाभर आधी मारुतीच्या देवळात बैठक बसते. तिथं वर्गणी ठरते, कीर्तनकार ठरतात आणि पंगती वाटून घेतल्या जातात. आठ वर्षांपूर्वी त्या बैठकीत आमच्या मालकांनी हात वर केला, "तिसऱ्या दिवशीची संध्याकाळची पंगत आमच्याकडं." घरी येऊन सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला काही बोलवलं नाही.

सहाशे पान उठलं. बुंदी, पुरी, भाजी, भात-आमटी मिळून बावीस हजार लागले. लेकीच्या डिप्लोमाच्या फीसाठी ठेवलेले सात हजार त्यात घातले आणि पंधरा हजार बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी काढले. त्या संध्याकाळी मी बुंदीचं घमेलं घेऊन पंगतीत वाढत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता, पहिल्या महिन्याचं व्याज तीनशे. नंतर कीर्तनाला बसले, पण महाराज काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. अन्नदान केलं, पण मन काही तिथं नव्हतं. कर्ज फिटायला चौदा महिने लागले. लेकीची फी तिच्या मामानं भरली. ती गोष्ट मला आजही बोचते.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते इथं सांगते. आमच्यासारखी माळकऱ्यांची पुष्कळ घरं आहेत. देवाला द्यायचं असतं, आणि खत-बियाणं, फी, दवाखाना हेही त्याच हातानं भागवायचं असतं.

पहिल्यांदा पंचांग आणि एक वही घेऊन दोघांनी एका रात्री बसा. वर्षभरात देवाधर्माचा खर्च कुठं कुठं होतो ते महिन्यावार लिहा. सप्ताह, आषाढी वारी, श्रावणातलं सत्यनारायण, नवरात्र, कार्तिकी, दत्तजयंतीचा प्रसाद, कीर्तनात आरतीच्या ताटात टाकलेले दहा-वीस रुपये, दारावर आलेल्या दिंडीचा चहा. ही बारीक रक्कम कधी कुणी मोजत नाही. आम्ही मोजली तेव्हा वर्षाला दोन हजारांच्या वर निघाली.

पंचांगात अधिक मास बघायला विसरू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा थोरल्या जावयाचं वाण करायचं होतं. ३३ अनारसे घरी तळले, पण कपडे आणि चांदीचा दिवा घेताना धावपळ झाली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे हे वहीत असल्यामुळे या खेपेला दिव्याचे पैसे दोन वर्षं थोडे थोडे साठवले. अधिक मासानं वारीची तारीखही हलते. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती, २०२६ ची २५ जुलैला. शेतकऱ्याच्या घरात हे फार महत्त्वाचं आहे. वारी लवकर आली की पेरणी आणि दिंडी एकाच वेळी गळ्यात येतात. आमच्याकडं नियम असा की सोयाबीनची बॅग आणि खत घरात येऊन पडल्याशिवाय दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याच्या वर्गणीचे, पैसे भरायचे नाहीत. मालक सुरुवातीला नाराज झाले. पण वारीला गेलेला माणूस वाटेत रानाची काळजी करत चालला तर त्याचं भजनात लक्ष कसं लागेल?

मग देवाचा डबा वेगळा करा. आमच्याकडं दोन गाई आहेत, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. पेंडीची कपात होऊन हातात पडतं त्यातून आधी किराणा, लाइट बिल आणि धाकट्याच्या शाळेचं बाजूला काढते. मग दीडशे रुपये देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात. वर्षाचे छत्तीस पगार धरले तर ५,४०० होतात. सोयाबीनची पट्टी आली की त्यातले अडीच हजार. एकूण ७,९००. यातले १,५०० सप्ताहाची वर्गणी, ३,५०० वारीचे (भिशी, येतानाची एसटी, गोळ्या-औषधं, मेणकापड), १,००० श्रावणाचे, ६०० आरती-दक्षिणेचे. उरलेले १,३०० अवचित येणाऱ्या कामाला, म्हणजे मंदिराचा जीर्णोद्धार किंवा कुणाच्या देवकार्याला हातभार. तुमचा आकडा लहान असेल, मोठा असेल. डब्यात नाही ते द्यायचं नाही, एवढं मात्र पाळा.

असं वागलं तर भक्ती कमी पडते का, हा प्रश्न मलाही छळायचा. त्याचं उत्तर मला कीर्तनातच मिळालं. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण त्यातला पुढचा भाग आपण घाईत सोडून देतो. बुडवली ती त्यांच्या वाट्याची निम्मी. उरलेली निम्मी भाऊ कान्होबांच्या हातात दिली, कारण ती त्यांची होती. हे ऐकलं आणि मला एकदम लेकीची फी आठवली. ते सात हजार आमच्या वाट्याचे नव्हतेच, तिच्या वाट्याचे होते. तेव्हापासून वहीत एक वेगळं पान आहे. लेकरांची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि माझे चार मणी या तीन गोष्टींना देवाच्या नावानंही हात लावायचा नाही.

बैठकीला जाण्याआधी नवरा-बायकोनं आकडा ठरवा आणि तो ठरलेलाच बोला. स्पीकरवर नावं पुकारली जातात, शेजारी पाच हजार एक म्हणतो, आपसूक हात वर जातो. मालक आता म्हणतात, "आमची वर्गणी दीड हजार, आणि चार दिवस वाढायला दोघं आहोत." एवढं म्हणून खाली बसतात. कुणी मोठ्या रकमेचा आग्रह धरला तर "घरी विचारून सकाळी सांगतो." मोबाइलवर स्कॅनर आला तरी तेच, रात्र जाऊ द्यायची.

पंगत द्यायचीच इच्छा असेल तर एकट्यानं घेऊ नका. आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी मिळून एक पंगत घेतली, तीही आमटी-भाकरीची. घरटी पंचवीस बाजरीच्या भाकरी, कुणी डाळ दिली, कुणी शेंगदाणे, कुणी जळण. माझ्या वाट्याला पैशात सातशे आले. पहाटे चारला चुलीपुढं बसून भाकरी थापताना शेजारच्या काकू हरिपाठ म्हणत होत्या, मी मागून म्हणत होते. त्या रात्रीचं कीर्तन मला अजून आठवतं.

नवस बोलताना जीभ आवरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. पोरगं दवाखान्यात असतं तेव्हा माणूस काहीही बोलून जातो. तेव्हा देवाला नारळ बोला, पायी वारी बोला, पारायण बोला. मोठं बोलून गेलाच असाल तर व्याजानं काढून फेडू नका, डब्यात त्याची वेगळी पुडी करून वर्ष-दोन वर्षांत फेडा.

पावती मात्र प्रत्येक वेळी घ्या, अकरा रुपयांची असली तरी. नोकरदारांना करसवलतीसाठी मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवर करसवलत मिळते, पण रोख २,००० रुपयांवर दिलं तर ती मिळत नाही, आणि नवी करपद्धत घेतली असेल तर मुळीच नाही.

दुष्काळाच्या साली गाईंचं दूध आटलं तेव्हा डब्यात वर्षाचे जेमतेम २,१०० जमले. वर्गणी पाचशेच दिली, मालक वारीला गेले नाहीत. मंदिराचे विश्वस्त आमच्याच भावकीतले, त्यांना घरी जाऊन सांगितलं, "दादा, यंदा एवढंच आहे." ते म्हणाले, "वहिनी, काकड्याला या म्हणजे झालं." मी सातही दिवस गेले. डब्यात काही शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या पानावर ओढून घेते. यंदा ३४० आहेत.